निळ्या गाडीवरचे ओरखडे

मास्तर पहिल्यांदा धाकट्याच्या दुकानात आले तेव्हा धाकटा एका गाडीच्या बॉनेटवर ओणवा होऊन पॉलिशर फिरवत होता. मशीनच्या घरघरीत त्याला वडिलांची हाक ऐकूच गेली नाही. शेवटी मास्तरांनी बाहेरून हॉर्न वाजवला. तो हॉर्न धाकट्याने झोपेतही ओळखला असता. त्याने मशीन बंद केलं, गॉगल कपाळावर चढवला आणि दारात येऊन बघतो तर निळी गाडी, आणि गाडीत साक्षात बाबा. दुकान उघडून वर्षं लोटली होती, पण बाबांनी आजवर त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता.

का ओलांडला नव्हता, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांची उभी हयात शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक सांगण्यात गेली. डॉक्टर, वकील, कापड दुकानदार, सगळे त्यांच्या हाताखाली गाडी मागे घ्यायला शिकले आणि सगळ्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या. थोरली लेक, म्हणजे ताई, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसली. धाकट्याचं मन पुस्तकात काही रमलं नाही. त्याने गाड्यांचे ओरखडे काढायचं, त्यांना पॉलिश करायचं दुकान टाकलं. मास्तर त्याला घासकाम म्हणत. कोणी विचारलं, धाकटा काय करतो, की यांचं उत्तर तयार, ‘लोकांना गाडी चालवता येत नाही, त्यावर त्याचं पोट चालतं.’ हे ते हसत हसत म्हणत, त्यामुळे धाकट्याला धड रागावायचीही सोय नव्हती.

तर असे मास्तर दुकानात आले, खाली उतरले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “जरा हे बघ रे.”

पलीकडच्या बाजूला, मागच्या दारावर, हँडलच्या खालून चाकापर्यंत लांबलचक ओरखडा गेला होता.

“कोणीतरी घासून गेलं. बाजारात उभी केली होती,” मास्तर म्हणाले. “आजकाल कोणालाही लायसन देतात.”

धाकटा उकिडवा बसला. ओरखड्यात पिवळा रंग भरला होता. तो रंग त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. आईबाबा आणि ताई राहत त्या इमारतीच्या पार्किंगमधले खांब नेमके त्याच पिवळ्या रंगाचे होते, आणि बाबांच्या जागेला लागूनच एक खांब होता. बाजारातला कोण कुठला माणूस तसला पिवळा रंग घेऊन फिरणार?

“ताईने बघितलं का?” त्याने विचारलं.

“म्हणून तर सकाळी ती उठायच्या आत निघालो.”

आता ताईचं म्हणजे असं होतं. बाबांचं वय झालं, गाडी चालवणं पुरे, असा तिने लकडा लावला होता. मास्तर ऐकतात थोडेच! शेवटी तिने सगळ्यांसमोर अट घातली, “ठीक आहे. पण गाडीवर एक जरी ओरखडा दिसला ना बाबा, तर त्या दिवशी किल्ली माझ्याकडे.” मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, “मंजूर! आणि दिसला नाही तर जन्मात हा विषय काढायचा नाही.” तेव्हापासून ताई रोज बँकेत जाताना गाडीला एक चक्कर मारून जायची. बँकेतली बाई, तपासणी अंगात मुरलेली.

धाकट्याने बोटाचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवलं. नख अडकलं नाही. म्हणजे वरच्या पारदर्शक थरातच होता, खालच्या रंगापर्यंत गेला नव्हता.

“निघेल,” तो म्हणाला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्यांचे खांदे चार बोटं खाली आले, ते धाकट्याने बघितलं.

त्या दिवशी त्याने ठरलेली गिऱ्हाइकं थांबवून ठेवली. दार धुतलं, पुसलं, कडांना आणि रबराला कागदी पट्टी चिकटवली. पिवळा रंग आधी स्पिरिटने काढला. मग मशीनला फोमची गादी लावली, तिच्यावर घासायच्या कंपाउंडचे चार ठिपके दिले आणि सुरुवात केली. मास्तर स्टुलावर बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

“एवढं सावकाश कशाला?”

“घाई केली की रंग तापतो, बाबा. तापला की जळतो.”

“मग तू ओरखड्यात काय भरतोस नक्की?”

“भरत काहीच नाही. ओरखडा म्हणजे खड्डा. आपण आजूबाजूचा थर घासून खड्ड्याच्या पातळीला आणायचा. खड्डा उरत नाही.”

मास्तर विचारात पडले. “म्हणजे दर वेळी गाडीचं थोडं कातडं जातं.”

“थोडंसं.”

“हे डोक्याचं काम आहे की,” मास्तर म्हणाले.

आता हे वाक्य म्हणजे काही फार मोठं नव्हे. पण धाकट्याने ते ऐकायला किती वर्षं काढली होती, हे त्यालाच ठाऊक. त्याने मान खाली घालून मशीन चालूच ठेवलं, कारण मान वर केली असती तर डोळ्यांत पाणी दिसलं असतं, आणि मास्तरांना रडके लोक आवडत नसत.

शेवटी त्याने मऊ कापडाने दार पुसलं आणि दिवा तिरका धरला. निळा रंग असा दिसत होता, जणू त्याला कधी कोणी हातच लावला नव्हता. मास्तर वाकून वाकून बघत राहिले. मग दोघांनी चहा घेतला. मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गोष्टी सांगत बसले. एका वकिलाने पहिल्याच दिवशी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घातली आणि उतरून म्हणाला, आलोच आहे तर दाढी करून घेतो. धाकटा पोट धरून हसला. घरी ही गोष्ट त्याने कैक वेळा ऐकली होती, पण बाबा ती ताईला सांगत आणि तो बाजूला बसलेला असे. या वेळी ती त्याच्यासाठी होती.

उठताना मास्तरांनी कप टेबलावर ठेवला. म्हणजे ठेवायला गेले. टेबल त्यांच्या डाव्या हाताला होतं, कप काठाच्या बाहेर टेकला आणि खाली पडून फुटला.

“टेबल इथे कधी आणलंस?” मास्तर चिडून म्हणाले.

टेबल होतं तिथेच होतं. धाकट्याने तुकडे गोळा केले आणि म्हणाला, “राहू दे बाबा, जुनाच होता.”

मी म्हणतो, त्याच क्षणी त्याला कळलं होतं. ज्या माणसाला गाडीच्या रंगावरचा केसाएवढा ओरखडा दिसतो, त्याला समोरच्या माणसाची नजर कुठे कमी पडते, ते दिसत नाही? दिसलंच. पण त्याने कानाडोळा केला. बाबा दुकानात आले होते, बाबा हसले होते, डोक्याचं काम म्हणाले होते. या सगळ्यावर पाणी कोण ओतणार?

मास्तर पुन्हा आले. या वेळी मागच्या बंपरचा कोपरा. “भिंत जवळ आली,” म्हणाले, जणू भिंतच चालत आली होती. मग पुन्हा ते मागचं दार. मग चाकावरचा फुगवटा. नेहमी तीच पलीकडची बाजू. दर वेळी धाकटा हातातलं काम बाजूला ठेवी, दर वेळी चहा होई, गोष्टी होत. मास्तर आता त्याच्या दुकानातल्या गाड्यांवर मतं देऊ लागले. एकदा तर त्यांनी मशीन हातात घेऊन बघितलं आणि ते सुटून भलतीकडेच पळालं तेव्हा दोघं लहान मुलांसारखे हसले. आपल्या बापाला आपल्या दुकानात हसताना बघणं, याहून दुसरं काही धाकट्याने मागितलं नसतं. खरं सांगायचं तर, बरेच दिवस मास्तर आले नाहीत की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आपण कशाची वाट बघतोय, हे मात्र त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

घरी सगळं आलबेल होतं. ताई रोज चक्कर मारत होती आणि तिला काही सापडत नव्हतं. रविवारी जेवायला जमले की मास्तर मिशीतल्या मिशीत हसत विचारायचे, “काय इन्स्पेक्टर, गाडी बरी आहे ना?” ताई हात जोडून म्हणायची, “हरले बाबा!” धाकटा ताटात बघत जेवायचा. आई सगळ्यांना वाढत असायची. आई म्हणजे पायाला भिंगरी. मंडईत तिच्याबरोबर चालायचं तर धाकट्याला पळावं लागे. तिने आपणहून एक काम अंगावर घेतलं होतं, मास्तर पार्किंगमध्ये गाडी मागे घेत तेव्हा ती आधी उतरायची, खांबापाशी उभी राहायची आणि हात हलवत ओरडायची, “या, या, अजून या, बास!” मास्तर करवादायचे, “मला शिकवतेस?” पण थांबायचे तिच्या ‘बास’वर. ओरखडे पडायचे ते मास्तर एकटे असले की.

शेवटच्या वेळी मागच्या दारावर नवा ओरखडा होता, आधीच्याच्या शेजारी. धाकट्याने रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र दाराला लावलं. आकडा बघून त्याने ते पुसून पुन्हा लावलं. थर इतका पातळ झाला होता की दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्याने सरळ हात वर केले असते.

“बाबा, ही शेवटची वेळ,” तो म्हणाला. “इथे आता मशीन लावायला काही उरलं नाही. यानंतर लावलं तर खालचा रंग उघडा पडेल. तो ताईलाच काय, कोणालाही दिसेल.”

मास्तर स्टुलावर बसून राहिले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“मग?” त्यांनी विचारलं.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मशीन बंद होतं. धाकट्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. बाबा, तुम्हाला त्या बाजूचं दिसत नाही. चला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो बरोबर. किल्ली ताईला नका देऊ हवं तर, मला द्या, तुम्ही म्हणाल तिथे मी नेईन. एवढंच बोलायचं होतं. मास्तरसुद्धा जणू त्याचीच वाट बघत होते. एरवी त्यांनी कधी कोणाला ‘मग’ असं विचारलं नव्हतं.

“मग जरा जपून,” धाकटा म्हणाला.

आणि त्याने मशीन चालू केलं. हाताने जितकं हलकं फिरवता येईल तितकं फिरवलं, कडेला तर श्वास रोखून धरला. ओरखडा गेला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईचं काम होतं, आणि त्या संध्याकाळी त्याला त्याचा अभिमानही वाटला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी ताईचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. आई गाडीखाली सापडली होती.

खाली म्हणजे चाकाखाली नाही, देवाची कृपा. मास्तर गाडी मागे घेत होते, आई मागून पलीकडे चालली होती, बंपरच्या कोपऱ्याने तिला धडक दिली आणि ती खांबावर आदळली. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण आता चालायचं ते वॉकर घेऊन, घरातल्या घरात. जिने, मंडई विसरा. डॉक्टरांनी मास्तरांकडेही बघितलं, त्यांच्या डोळ्यांच्या कडेला बोट हलवून विचारलं, हे दिसतं का. मास्तर म्हणाले, काय दिसतं का? काचबिंदू होता. कडेची नजर कधीचीच गेली होती, समोरचं तेवढं उरलं होतं.

धाकटा पोचला तेव्हा मास्तर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. तो शेजारी बसला. नर्स ढकलगाडी घेऊन गेली.

“धक्का बसला ना,” मास्तर म्हणाले, “तेव्हा मला वाटलं, खांब. पहिल्यांदा तुझी आठवण आली. म्हटलं, झालं, पुन्हा दुकानात जायला लागणार. तू आता घासता येणार नाही म्हणाला होतास, त्याचीच काळजी करत बसलो मी गाडीत. आणि ती मागे पडलेली.”

धाकट्याने त्यांचा हात धरला. हात गार होता.

“ताईला काही बोलू नकोस,” मास्तर म्हणाले. “तुझं नाव मी मध्ये येऊ देणार नाही. म्हाताऱ्याची चूक झाली, संपलं. तू माझ्यासाठी केलंस. त्याचा बोल तुला कशाला?”

धाकट्याने मान हलवली. हो म्हणून हलवली, हे कबूल करायला हवं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची शिसारीही आली.

आत आई उशीवर पडून होती. एवढीशी दिसत होती. ताई पायाशी बसली होती, रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले.

“माझंच चुकलं गं,” ताई म्हणत होती. “मी रोज बघत होते गाडी. रोज! एक ओरखडा नाही. वाटलं, मीच उगीच बाबांच्या मागे लागले. डॉक्टरकडे न्यायचं मनात होतं, तेही सोडून दिलं. माझ्या डोळ्यांवर काय पट्टी बांधली होती, कोण जाणे.”

“तू कशाला वाईट वाटून घेतेस?” आई हळू आवाजात म्हणाली. “मी तर घरात चोवीस तास बरोबर. मला नव्हतं का कळलं? पाणी ओतायचे ते पेल्याच्या बाहेर. तेव्हापासून तर मी उतरायला लागले ना खांबापाशी. आणि गुपचूप मीही गाडी बघायचे. म्हटलं, कुठे लागलीबिगली तर तुला सांगायचंच, मग हे कितीही चिडोत. पण काही दिसेचना. मी औषधाच्या दुकानातून ते थेंब आणले होते ह्यांच्या डोळ्यांत घालायला, म्हटलं, लागू पडले. नजर सुधारली ह्यांची.”

तिला धाप लागली. ताईने तिच्या ओठांना पाणी लावलं.

“म्हणून त्या दिवशी थांबले नाही,” आई म्हणाली. “पिशवी पलीकडच्या सीटवर राहिली होती. म्हटलं, आता कशाला खांबापाशी उभं राहायचं, यांना दिसतंय सगळं. आणि गेले मागून.”

धाकट्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर मान खाली घालून बसले होते. त्यांनी दिलेला शब्द ते पाळणार होते. जन्मभर पाळतील, आणि ताई जन्मभर स्वतःला बोल लावत राहील, आणि आई थेंबांना. हे सगळं धाकट्याला एकदम दिसलं, आणि ते सहन करण्यापलीकडचं होतं.

“आई,” तो म्हणाला. “ओरखडे होते.”

ताईने वळून बघितलं.

“होते,” तो म्हणाला. “पुष्कळ होते. बाबा माझ्याकडे घेऊन यायचे. मी काढून द्यायचो. मला माहीत होतं, बाबांना दिसत नाही. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी काढले.”

“अरे...” ताईच्या तोंडून एवढंच निघालं. ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. तिने वडिलांकडे बघितलं, मग भावाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता आणि तो येतच होता, पण अजून पोचला नव्हता.

आई छताकडे बघत होती. तिने चादरीखालून हात काढला आणि धाकट्याला जवळ बोलावलं. तो गेला, पलंगापाशी गुडघ्यांवर बसला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“सगळे तू काढलेस?” तिने विचारलं.

“सगळे.”

“मी रोज बघायचे रे,” आई म्हणाली. “उन्हात आणून बघायचे. किती छान काम करतोस. मला एकही दिसला नाही.”

त्यात टोमणा असता तर त्याने तो हसत सोसला असता. पण आईला टोमणे मारता येत नसत, ती खरंच कौतुक करत होती. धाकट्याने पलंगाच्या काठावर कपाळ टेकलं आणि मास्तरांच्या समोर, मोठमोठ्याने रडला.